बीपीच्या खोलीतल्या अक्का

गेल्या थंडीत तायडे अक्का गेल्या. दीपनगरजवळ त्यांच्या वस्तीतल्या विहारात पुण्यानुमोदन झालं. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे नानांनी, येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडले आणि मग मांडवात जेवणं सुरू झाली. माझ्या शेजारी अक्कांचा नशिराबादचा एक चुलतभाऊ बसला होता. इकडेतिकडे नजर फिरवत तो म्हणाला, "उभा जन्म बाईनं दवाखान्यात घातला, पण बघा भाऊ, चार पेशंट तरी आले का?"

मी तसा भांडकुदळ माणूस आहे. बायको म्हणते, मला वरातीतल्या बँडवाल्याशीसुद्धा भांडायला कारण सापडतं. पण त्या दिवशी तोंडात घास होता आणि समोर नाना वाढायला उभे होते. शिवाय माझ्याजवळ जे उत्तर होतं ते मांडवात देण्यासारखं नव्हतं. अक्कांचे पेशंट आले नाहीत, कारण ते आले असते तर पंगतीत शेजारी बसलेल्याने विचारलं असतं, तुमची नि तायडेबाईंची ओळख कुठली? त्या ओळखीबद्दल आमच्या भागात कुणी तोंड उघडत नाही. घास गिळून मी गप्प बसलो, पण तेव्हापासून ते वाक्य मला टोचतं आहे, म्हणून लिहायला बसलो.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची हद्द जिथे लागते, तिथल्या एका सरकारी दवाखान्यात आम्ही बरोबर काम केलं. मी लॅबमध्ये रक्त तपासायचो आणि अक्का शेजारच्या खोलीत. लैंगिक संबंधांतून पसरणारे जे आजार असतात, त्यांच्या पेशंटशी बोलायचं, त्यांना औषध नीट घ्यायला लावायचं आणि त्यांच्या जोडीदारालाही दवाखान्यापर्यंत आणायचं, असं त्यांचं काम. कागदावर समुपदेशक. दवाखान्यात मात्र शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे अक्काच म्हणायचे. बुटकी, काळीसावळी मूर्ती, सुती साडी, पदराला न चुकता पिन आणि खांद्याला एक पिशवी. पिशवीत केळी असायची. खेड्यातून बाया दवाखान्यात उपाशी येतात आणि इंजेक्शन घेतल्यावर चक्कर येऊन पडतात, हे त्यांनी कधीतरी पाहिलं होतं. तेव्हापासून आधी केळं आणि मग सुई असा त्यांचा नियम.

त्या आल्या तेव्हा त्यांच्या दारावर पत्र्याची जुनी पाटी होती, 'गुप्तरोग विभाग'. अक्षरं लाल आणि चांगली हातभर. म्हणजे रोग गुप्त आणि पाटी एसटी स्टँडवरून वाचता येणारी. माणसं आवारात यायची, लिंबाखाली बिडी ओढायची, पाटीकडे बघायची आणि आल्या पावली परत जायची. अक्कांनी काही दिवस खिडकीतून हे पाहिलं. मग भांडारातून रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र मागून आणलं, टेबलावर मांडलं आणि पाटी उतरवून घेतली. तिच्या जागी 'बीपी तपासणी' अशी नवी पाटी लागली. मोठ्या डॉक्टरांनी बोलावून विचारलं, हा काय प्रकार आहे? अक्का म्हणाल्या, "साहेब, येईल त्याचं बीपी मी खरंच तपासते. पाटी खोटी नाही."

तेव्हापासून ती बीपीची खोली झाली. घरात सांगून निघायला माणसांना एक चांगलं कारण मिळालं आणि लिंबाखालची माणसं आत येऊ लागली.

अर्थात आमच्याकडे कुठलीही गोष्ट सरळ पार पडत नाही. दगाआबा म्हणून एक म्हातारे होते, त्यांना खरंच बीपी होतं. अक्का हात धरून बीपी मोजतात, शेतीवाडीची चौकशी करतात, वर केळं देतात, हे त्यांना फार आवडलं. ते दर बाजाराच्या दिवशी हजर. इकडे खेड्यांत हळूहळू कळलं होतं की बीपीच्या खोलीत नेमकं काय तपासतात. मग एका बाजाराच्या दिवशी आबांची म्हातारी दवाखान्यात आली ती थेट ओरडतच. "या वयमा या धल्लाले हाई काय सुचनं व माय!" बाकावरचे खरे पेशंट खाली मान घालून बसले. आबा बिचारे शर्टाची बाही वर करून, आपण काय केलं ते आठवत होते. अक्का बाहेर आल्या, म्हातारीला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि तिच्याच दंडाला पट्टा बांधला. तिचं बीपी आबांपेक्षा जास्त निघालं. पुढे कित्येक महिने ते दोघं जोडीने यायचे, आणि म्हातारी रांगेतल्या बायांना सांगायची की इथे फक्त बीपीच तपासतात. तिचा समज दुरुस्त करायच्या भानगडीत अक्का पडल्या नाहीत.

त्यांच्या खोलीत टेबल भिंतीला लावलेलं होतं आणि खुर्च्या दोन, शेजारीशेजारी, तोंडं खिडकीकडे. सिनेमाला बसावं तसं. समोर बसलं की पेशंट आपल्या तोंडाकडे बघून बोलतो, आपल्याला काय आवडेल ते सांगतो, असं त्या म्हणायच्या. शेजारी बसलेला माणूस लिंबाकडे बघत बोलतो आणि खरं बोलतो. त्या स्वतः भुसावळकडच्या, तिकडची बोली वेगळी. पण पेशंट सगळे अहिराणी बोलणारे, म्हणून त्यांनी ती ऐकून ऐकून उचलली. त्यांची अहिराणी ऐकून बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. हसली की बाई बोलते, असा अक्कांचा हिशोब, त्यामुळे त्यांनी ती कधी फार सुधारलीही नाही.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर मात्र अक्का कुणालाच ओळखत नसत. अगदी कुणालाच. बाजारात भाजीकडे बघत चालायच्या. लग्नात गेल्या तर समोरचा आधी बोलल्याशिवाय ओठ उघडायच्या नाहीत. पेशंटला ओळख दाखवली तर त्याच्यासोबतचा माणूस विचारणार, ही बाई कोण? पेशंटांना वगळून बाकीच्यांना ओळख दाखवली असती तरी न ओळखलेले उघडे पडले असते. म्हणून सरसकट सगळ्यांशी अनोळखी. मीसुद्धा त्यात आलो. एकदा मंडईत मी "अक्का!" म्हणून हाक मारली, तर बाई वांगी निवडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी चिडून विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मागेच एक पोरगा उभा होता. तुम्हाला ओळखलं असतं नि त्याला नाही, तर त्याला काय वाटलं असतं?" त्यांचे नातेवाईक त्यांना घमेंडी म्हणायचे. नशिराबादच्या त्या चुलतभावालाही त्यांनी एकदा भर बाजारात ओळख दिली नव्हती, आणि तो राग पंगतीतल्या त्या वाक्यात होता, असा माझा संशय आहे.

घरीही तेच. नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, शांत माणूस. संध्याकाळी कधी त्यांना न्यायला आले तर बाहेर टपरीवर बसायचे, आत यायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, नाना, आत येऊन बसा की. ते म्हणाले, "नको. आत कोण दिसलं हे मला ठाऊकच नको. तिला बरं वाटतं."

या आजारांचं एक असतं, एकट्याने औषध घेऊन भागत नाही. नवरा-बायको दोघांनी घ्यावं लागतं, नाहीतर बरा झालेला पुन्हा आजारी पडतो. औषधं वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत येतात. कुणाला हिरवं, कुणाला करडं. एका बाईला अक्कांनी दोन पाकिटं दिली, एक तिचं, एक नवऱ्याचं. काही महिन्यांनी ती पुन्हा तीच तक्रार घेऊन आली. नवऱ्याने औषध घेतलं का, असं विचारलं तर म्हणाली, "त्या सुरतले शेत. दिवाईले येतीन तवय खातीन." नवरा सुरतेला, तो दिवाळीला येणार. तोवर पाकीट कुठे आहे? तर देव्हाऱ्यात. नवऱ्याची वस्तू, ती इकडेतिकडे कशी ठेवणार? सणावाराला तिने पाकिटावर हळदकुंकूही वाहिलं होतं. मध्येच नवरा एका लग्नासाठी दोन दिवस येऊन गेला होता, पण दिवाळी अजून आली नव्हती, म्हणून पाकीट तसंच राहिलं. अक्का हसता हसता रडकुंडीला आल्या. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याचं औषध बायकोच्या हाती देणं बंद केलं. त्याने यायचं, शेजारच्या खुर्चीत बसायचं आणि समोर घ्यायचं.

आता आकड्यांबद्दल. दर महिन्याला आमच्याकडून जिल्ह्याला आकडे जायचे, किती तपासले, किती निघाले. वर्षभर आकडा आपला चालीने चालायचा आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की एकदम चढायचा. मला वाटायचं, उन्हाने माझं तपासणीचं द्रावण खराब होतं. मी बर्फाच्या पेटीवरून कंपाउंडरशी भांडायचो, पुन्हा पुन्हा तपासायचो, आकडा तोच. एका वर्षी जळगाव-धुळे अशा दोन्ही जिल्ह्यांच्या बैठकीत पडद्यावर सगळ्या तालुक्यांच्या रेघा दाखवल्या. धुळ्याकडच्या गावांची रेघ सपाट, आणि आमची आखाजीनंतर टेकडीसारखी वर. सगळ्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आमच्या गावाची चालच वाईट. नव्याने आलेल्या एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, "या पेशंट बायका राहतात कुठे?"

"सासरी," अक्का म्हणाल्या. सभागृह हसलं, मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नीट सांगायला लावलं. अक्का म्हणाल्या, "मॅडम, आखाजीला लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, मैत्रिणी भेटतात. सासरी, तिकडे धुळ्याच्या बाजूला, वर्षभर दाबून ठेवलेलं दुखणं झोक्यावर मैत्रिणीला सांगतात. मैत्रीण आईला सांगते. मग आई घेऊन येते आमच्याकडे."

मॅडम पडद्याकडे वळल्या. "म्हणजे ही टेकडी तुमची नाही," त्या म्हणाल्या. "तिकडच्या गावांची आहे, थोडी सुरतेचीही असेल. आणि तिकडची रेघ सपाट आहे ती आजार नाही म्हणून नव्हे, तिथे बाई दवाखान्यात येत नाही म्हणून." इतकी वर्षं मी बर्फाच्या पेटीशी भांडत होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मॅडमनी पुढच्या आखाजीसाठी आम्हाला जास्तीची औषधं मंजूर केली. परतीच्या वाटेवर अक्का खुशीत असतील असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "जिचं माहेर तुटलं तिचं काय हो, भाऊ? ती कुठे जात असेल?"

पुढच्याच आखाजीला सुनंदा आली. तिचं खरं नाव अक्कांनी मला लिहू दिलं नसतं, म्हणून हे मी ठेवलेलं. माहेर आमच्या जवळच्या खेड्यात, सासर दोंडाईचाजवळ, नवरा सुरतेला यंत्रमागावर. आईबरोबर आली होती. पोटात चार महिन्यांचं बाळ होतं. आधीची दोन गेली होती, एक पोटातच आणि एक जन्मून काही दिवसांनी. सासरी अंगारे-धुपारे झाले होते, दोष तिच्या पायगुणावर गेला होता. रक्त कुणी तपासलं नव्हतं. मी तपासलं आणि काचेवर गुठळ्या धरलेल्या दिसल्या. उपदंश, म्हणजे सिफिलिस. आधीची दोन बाळं कशाने गेली असतील ते तिथेच कळलं.

यावर औषध आहे आणि ते स्वस्त आहे, याचाच जास्त राग येतो. आठवड्याच्या अंतराने तीन इंजेक्शनं तिला, तशीच नवऱ्याला, आणि बाळ वाचायची चांगली आशा. अक्कांनी तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि सगळं सांगितलं. पातळ भिंतीपलीकडून मला सुनंदाचा आवाज ऐकू आला. "त्यास्ले सांगू नको व अक्का. त्या म्हनतीन, तूच लई उनी." म्हणजे नवरा म्हणणार, आजार तूच घेऊन आलीस.

"मी नही सांगत," अक्का म्हणाल्या. "तूच सांगशी. मी जोडे बठस." जोडे म्हणजे शेजारी, त्या दुसऱ्या खुर्चीत.

पहिलं इंजेक्शन झालं. आखाजी संपली तरी आईने आजारपणाचं निमित्त करून तिला ठेवून घेतलं, दुसरं झालं. तेवढ्यात नवरा सुरतेहून आला तो थेट तिला न्यायला. सुनंदाने धीर केला आणि त्याला बीपीच्या खोलीत घेऊन आली. सडपातळ पोरगा, कानात बाळी, हातात मोबाईल. अक्कांनी त्याचं बीपी मोजलं, मग सुनंदाने अडखळत सांगितलं. तो उठून उभा राहिला. "माले काही व्हयेल नही," म्हणाला.

"बठ ना भाऊ," अक्का म्हणाल्या. "कोठून उनं, ते मी कोनलेच इचारत नही. आते कोठे जाई, तेवढंच इचारस. तुन्हा लेकरूकडे जाई."

तो बसला नाही. बायकोचा हात धरून निघून गेला. दारात सुनंदाने एकदा वळून पाहिलं, ते मी पाहिलं आणि अक्कांनीही पाहिलं. तिसरं इंजेक्शन राहिलं होतं, आणि नवऱ्याने औषध घेतलं नाही तर बाळ जन्मायच्या आतच तिला आजार पुन्हा होणार होता. म्हणजे हेही बाळ जाणार.

पुढचे काही दिवस अक्कांचं कशात लक्ष नव्हतं. सुनंदाचा फोन बंद होता. तिच्या आईला लेकीच्या सासरी जायची चोरी. मी म्हणालो, तुम्हीच जा. त्या माझ्यावरच उखडल्या. पेशंटच्या घरी जायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. आपण दारात उभ्या राहिलो आणि गल्लीला कळलं, तर पोरीला तिथे जगणं अवघड होईल. त्यांचं म्हणणं खरंच होतं. आणि आठवडा उलटत चालला होता, हेही खरं होतं.

मला दोंडाईचाला माझ्या आतेभावाच्या साखरपुड्याला जायचं होतं. आदल्या दिवशी अक्का लॅबच्या दारात आल्या. "भाऊ, गाडीत जागा आहे का?" एवढंच विचारलं. पिशवीत केळ्यांऐवजी खरबुजं होती आणि पदराची पिन त्यांनी वाटेत दोनदा काढून लावली.

सुनंदाच्या सासरच्या ओट्यावर सासू मिरच्या निवडत बसली होती. उंच, कपाळभर कुंकू, आवाज असा की मीच आधी रामराम केला. सुनंदा दारात आली आणि अक्कांना पाहून पांढरी पडली. "कोन्या गावन्या तुम्ही?" सासूने विचारलं.

इथे मावशी म्हणून वेळ मारून नेता आली असती. गाडीत मी तेच सुचवलं होतं. पण अक्कांना बीपीच्या पाटीपलीकडचं खोटं जमत नसे. "भुसावळकडची," त्या म्हणाल्या. "तायडे." आडनाव ऐकून सासूचा हात मिरच्यांवर क्षणभर थांबला. मग ती आत वळून म्हणाली, "सुनंदा, च्या ठेव." चहा आला, सगळ्यांना सारख्याच कपांत.

चहा अर्धा झाल्यावर सासू अक्कांकडे निरखून बघत म्हणाली, "तू ती बीपीवाली शे का?"

मी कप खाली ठेवला. अक्कांनी मान हलवली नाही, नाहीही म्हणाल्या नाहीत.

"मनं माहेर तुम्हना जोडेच शे," सासू म्हणाली. "आखाजीले जास मी बी. बाया सांगतंस बठ्ठं." मग आवाज खाली आणून, "सूनले बाकी शे का काही?"

पेशंटबद्दल अक्का बोलणार नव्हत्या, सासूशीही नाही. त्यांनी नुसतं सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाच बोलली, खाली बघत. "एक इंजेक्शन बाकी शे, आत्याबाई."

"आन पोऱ्याले?"

आत खाटेवर मोबाईल वाजत होता तो बंद झाला. सासूने मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं. "समजनं," ती म्हणाली आणि उठून आत गेली. "ऊठ रे. बीपी तपासी ये."

"माले काय धाड भरनी?" आतून आवाज आला.

"तुन्हा पहिले मना दोन पोरं गयात," ती म्हणाली. तिचा तो दणदणीत आवाज एकदम वेगळाच झाला होता. "तवय माले कोनीच सांगं नही. आते सांगनारी दारमा बठेल शे. ऊठ."

तो उठला. दोंडाईचाच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या सिस्टरला अक्कांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी तिघांना गाडीतून नेलं, अक्कांनी दोघांना खरबूज कापून खायला घातलं आणि मग इंजेक्शनं झाली. पुढच्या दोन आठवड्यांत सासूने मुलाला उरलेल्या दोन्ही इंजेक्शनांना स्वतः नेऊन आणलं, तोवर सुरतेला जाऊ दिलं नाही. त्या गडबडीत साखरपुडा हुकला. आतेभाऊ अजून ते बोलून दाखवतो, आणि मी खोटी कारणं देतो.

त्या दिवशी परत येताना अक्का रडल्या. सुनंदासाठी नाही. "तिची दोन गेली तेव्हा तिला कुणी नव्हतं हो," त्या सासूबद्दल म्हणाल्या.

सुनंदा बाळंतपणाला माहेरी आली आणि आमच्याच दवाखान्यात मुलगी झाली. जिवंत, रडणारी, चांगल्या वजनाची. पण तिचं रक्त तपासलं तेव्हा त्यात थोडं काहीतरी दिसत होतं. आईच्या रक्तातली आजाराची खूण नुसती बाळात उतरते, ती पुढे आपोआप ओसरते. पण कधीकधी आजार बाळाचा स्वतःचा असतो. डॉक्टरांनी बाळालाही इंजेक्शन दिलं आणि काही महिन्यांच्या अंतराने तपासत राहायला सांगितलं. अक्का रोज त्या वॉर्डासमोरून जायच्या, आत डोकवायच्या नाहीत. पण अहवालाच्या दिवशी माझ्या लॅबमध्ये चहा प्यायला यायच्या. कधी न येणाऱ्या बाई, आणि माझा चहा काही प्यावा असा नसतो. बाळाच्या रक्तातला आकडा उतरत होता, पण शून्याला आला नव्हता.

तो शून्याला यायच्या आतच अक्कांची साठी झाली आणि करार संपला. निरोप समारंभात त्यांना शाल दिली, त्यांनी दोन वाक्यांत आभार मानले, यंत्राचा पट्टा फाटला आहे तेवढा बदला, असं सांगितलं आणि नानांबरोबर गेल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे. तिनेही पाटी बदलली नाही.

पुढच्या आखाजीला सुनंदा मुलीला घेऊन आली. बाळ आता बसत होतं, माझ्या चष्म्याला हात घालत होतं. मी रक्त घेतलं, ते किंचाळलं आणि मग आईच्या खांद्यावरून माझ्याकडे रागाने बघत राहिलं. काचेवर मी थेंब टाकला, काच फिरवली आणि दिव्याखाली धरली. पाणी कसं नितळ असतं तसं नितळ. एकही गुठळी नाही. मी पुन्हा केलं, तरी नितळ. मला हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगण्यासारखं माणूस एकच होतं. फोनवर त्यांनी ऐकून घेतलं नसतं. रविवारी सकाळीच मी गाडी काढली.

उन्हात दीपनगरच्या धुराड्यांकडे बघवत नव्हतं. अक्का थकल्या होत्या, चालताना भिंतीला हात लावत होत्या, पण मला बघून तोंडभर हसल्या. नाना शेजारी बसलेले, त्यामुळे मी गाडीचं ॲव्हरेज, लाईट जाणं, केळीचा भाव असं काहीबाही बोलत बसलो. अक्का माझ्याकडे बघत होत्या. नाना पाणी आणायला आत गेले.

"अक्का," मी म्हणालो, "ते रक्त आलं. काही नाही त्यात. दोनदा बघितलं."

त्यांनी कुणाचं ते विचारलं नाही. मग आतल्या दिशेने हाक मारली, "अहो, ते उद्यासाठी ठेवलेले आंबे काढा."

"उद्या पोरं येणार आहेत ना?" नाना आतून म्हणाले.

"काढा म्हणते ना. सगळे काढा."

नाना आंब्यांची टोपली घेऊन आले, पातेलं आणलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, मी अंगणाकडे पाहिलं. अक्का मांडी घालून बसल्या आणि आंबे पिळू लागल्या. एक, मग दुसरा, घाईघाईने, पाहुणे ताटावर खोळंबले असावेत तशा. कोपरापर्यंत रस ओघळत होता. मग त्यांचे डोळे वाहायला लागले. आधी मला कळलंच नाही, कारण त्या हसत होत्या. डोळे पुसायला त्यांनी हात उचलले, हात रसाने माखलेले, तसेच हवेत धरून बसल्या.

नाना उठले. खांद्यावरचा पंचा घेऊन ते त्यांच्यासमोर वाकले आणि आधी एक डोळा, मग दुसरा, लहान मुलाचे पुसावेत तसे पुसले. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही.